‘चिमणीएवढा मेंदू’ ही शिवी नव्हे

मा. संपादक, स. न. वि. वि.

बेळगाव परिसरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गेल्या महिन्यात प्रमुख पाहुण्यांनी गोंधळ घालणाऱ्या मुलांना ‘तुमचा मेंदू चिमणीएवढा आहे काय?’ असे सुनावले आणि सभागृह हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण हीच चूक मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे फळ्यावर गिरवली आहे. माणसाच्या मोठ्या मेंदूला वळ्या असतात, पक्ष्याचा मेंदू गुळगुळीत असतो, म्हणून पक्षी विचार करत नाही, केवळ उपजत प्रेरणेने वागतो, असे मी शिकवत असे.

या समजुतीचे मूळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. लुडविग एडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने पक्ष्यांचा बहुतेक अग्रमेंदू आपल्या मेंदूच्या तळाशी असलेल्या, सवयीच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागासारखा आहे असे मानले आणि त्यातील भागांना तशीच नावे दिली. ती नावेच पुढे पुरावा होऊन बसली. अखेर २००४-०५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ही परिभाषा बदलली आणि पक्ष्यांच्या अग्रमेंदूचा बराच मोठा भाग आपल्या मेंदूच्या बाह्य आवरणाशी नाते सांगणारा आहे, हे मान्य केले.

आकाराचा मुद्दाही २०१६ मध्ये निकालात निघाला. अठ्ठावीस जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतील चेतापेशी मोजल्यावर असे दिसले की पोपट आणि कावळा यांच्या कुळांत त्या अतिशय लहान असून दाटीवाटीने बसलेल्या असतात. मकाव पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा आणि मकाक माकडाचा लिंबाएवढा. पण अग्रमेंदूतील चेतापेशी मकावकडेच अधिक. रेव्हन या थोराड कावळ्याच्या अग्रमेंदूत त्या सुमारे १.२ अब्ज भरतात. ज्याला उडायचे आहे त्याला डोक्याचे ओझे वाढवून कसे चालेल? मांडणीविषयीही असेच म्हणता येईल. आपल्या मेंदूच्या आवरणातील थर पक्ष्यांत तसे दिसत नाहीत, तरी कबूतर आणि गव्हाणी घुबड यांच्या मेंदूतील तंतू उभे-आडवे एकमेकांना छेदत जातात व ती वीण आपल्या मेंदूच्या आवरणाची आठवण करून देते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे.

शहापुरातील माझ्या घराच्या परड्यात फणस आहे. विजेच्या तारेला लागते म्हणून त्याची एक फांदी मागच्या उन्हाळ्यात एका माणसाकडून तोडून घेतली. तिच्यावर कावळ्याचे घरटे होते, हे फांदी खाली आल्यावर कळले. तो माणूस दिवाळीच्या सुमारास नारळ उतरवायला आला, तेव्हा तो फाटकाशी पोहोचतो न पोहोचतो तोच दोन कावळ्यांनी जो कालवा केला, तो तो जाईपर्यंत थांबला नाही. दूधवाला, पेपरवाला, मी स्वतः, कोणाकडेही त्यांनी ढुंकून पाहिले नव्हते. एका परड्यातील गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. परंतु अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात २००६ साली संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे कल्ला करीत राहिले आणि त्यांत कधीही न पकडले गेलेले कावळेही होते. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना की आपण मृताची राहिलेली इच्छा शोधू लागतो. समोर जमलेली अनोळखी गर्दी तो निरखत असेल, ही शक्यता कोणी बोलून दाखवत नाही.

यावर कोणी विचारील, की एवढा हुशार कावळा कोकिळेचे पिल्लू का वाढवतो? प्रश्न रास्त आहे. कोकिळेचे अंडे रंगाने कावळ्याच्या अंड्याशी बरेच मिळतेजुळते असते आणि संशयापायी स्वतःचेच अंडे बाहेर टाकले तर नुकसान त्याचेच. शिवाय चेहरे ओळखणारी बुद्धी अंडी ओळखण्यातही तेवढीच तल्लख असेल, असे थोडेच आहे? भाजीबाजारातले हिशेब तोंडी करणारे आपणही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतोच.

सीमाभागातील मराठी शाळांतील शिक्षकबांधवांना माझी एक विनंती आहे. पक्ष्यांचा पाठ शिकवायच्या दिवशी मुलांना अर्धा तास मैदानावर न्यावे, वाळलेली भाकरी आणि पाण्याचे पसरट भांडे ठेवून सर्वांनी दूर बसावे. कावळा कडक तुकडा पाण्यात बुडवून, मऊ करून खाताना दिसला तर वहीत वेळेसह नोंद करावी. न दिसला तर तेही लिहावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
शहापूर, बेळगाव