टपाल असल्याशिवाय निघायचं नाही

ती. स्व. तात्यांना,
सा. न. वि. वि.

पोस्टकार्डावर मावेल तेवढंच लिहावं, हा तुमचा दंडक. ५० पैशांत जागा तेवढीच मिळते. आज तो मोडतोय, कारण आभार कार्डात बसेनात, आणि टपाल घेऊन मित्राच्या घरी चालत जायची तुमची पद्धत तालुक्याबाहेरच्या चार लोकांनीही वाचावी असं वाटतं. म्हणून पत्र उघडंच ठेवलंय.

पन्नाशीच्या माणसाला ‘रोज चाला’ म्हणून सांगणारे डॉक्टर पुष्कळ. ‘जुने मित्र जपा’ म्हणणारे मेसेज तर पहाटे साडेपाचपासून यायला लागतात. तुम्ही ही दोन्ही कामं एका पिशवीत घातलीत. नुसतं चालायला निघालेला माणूस आठ दिवसांत घरी बसतो. ज्याच्या पिशवीत टपाल आहे त्याला जावंच लागतं. वाडीवाडीने टपाल वाटण्यात ज्याची उभी नोकरी गेली त्यालाच हे सुचणार.

टपाल म्हणजे काय, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. वाचून झालेला दिवाळी अंक, कोकमाच्या आगळाची बाटली, मिरीचं रोप, तालुक्याहून आणलेली गोळ्यांची पट्टी, काहीही चालतं. वजन किलोभराच्या आत आणि घर साधारण दीड किलोमीटरवरचं. शेजारच्या घरी टपाल नेण्यात चालणं होत नाही, आणि चार किलोमीटरवरचं घर धरलं की तिसऱ्या दिवशी रिक्षा केली जाते. दीड किलोमीटरला बेताच्या चालीने १८ ते २० मिनिटं लागतात. जाऊन-येऊन ४० धरली आणि आठवड्यातले चार दिवस पाळले, तर १६० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला मध्यम दमाची १५० ते ३०० मिनिटं सांगते, त्यातलं खालचं टोक एवढ्यात गाठलं जातं. मध्यम दम म्हणजे मिनिटाला शंभरेक पावलं. पावलं मोजायची नसतील तर साधी खूण आहे: बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये. भजन जमत असेल तर चाल वाढवायची, बोलताना वाक्य तुटत असेल तर कमी करायची.

हे सगळं पाण्यात घालवतो तो आपल्याकडचा पाहुणचार. कोकणात दारात आलेल्याला कोरडं पाठवत नाहीत. दोन चमचे साखरेचा चहा, वर बशीभर पोहे, की ४० मिनिटांचा हिशेब तिथेच चुकता होतो. तुमचा नियम आम्ही आता कडक पाळतो: खळ्यात, म्हणजे अंगणात बसायचं, आत जायचं नाही, पंधरा मिनिटांत उठायचं, पाणी आणि गुळाचा खडा. साखरेचा आजार असेल त्याला गूळही नाही. चहा फक्त रविवारी. हे खरं तर मैत्रीच्याच सोयीचं आहे. पाहुणा माजघरात गेला की घरातल्या बाईचं काम थांबतं, आणि ज्या मित्राच्या येण्याने घरचं काम थांबतं तो मित्र घराला चौथ्या दिवशी नकोसा होतो. त्यातून एक जुनी रीत आयती हाताशी आली. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. त्यामुळे डबा गेला की तो भरून परत येणार आणि त्याच्याबरोबर माणूसही येणार, हे ठरलेलंच.

आता पुळणीबद्दल, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूबद्दल. गुहागरला एवढी लांब पुळण असून अर्धे लोक ती भलत्या वेळी तुडवतात आणि मग टाच धरून बसतात. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या जवळजवळ दुप्पट दम लागतो. पोटरी भरून येते, टाचेमागची शीर ताणली जाते. चालायचं ते ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. ती कधी मिळणार, त्यासाठी मोबाइल लागत नाही. भिंतीवरचं पंचांग पुरतं. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती तीन वाजता, ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी म्हणजे नऊला. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी साडेसातला. तिथी शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत एकपासून मोजायची, पुनवेला आणि अवसेला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला एवढं चालतं.

या हिशेबाने पुनव किंवा अवस ते चतुर्थी या सकाळी पुळणीच्या. त्यातही पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं वर येतं तितकंच खालीही जातं आणि वाळू लांबवर उघडी पडते. अष्टमीला सकाळी सहाला पूर्ण भरती. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं पाणी फार वर चढत नाही हे खरं, तरी चालायला उरते ती सुरूच्या बाजूची मऊ वाळूच. त्या दिवसांत रस्ता किंवा पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट धरावी. बायकांचं गणित वेगळं. सकाळी सहा ही डब्यांची आणि नळाच्या पाण्याची वेळ. त्यांना निवांत मिळतो तो साडेचार ते साडेपाच. त्रयोदशीला ओहोटी पावणेचारला, चतुर्दशीला साडेचारला, पुनवेला सव्वापाचला. म्हणून या तीन संध्याकाळी त्यांच्या नावावर लिहून टाका, हे तुम्हीच सांगितलंत. त्याआधी सगळी वेळापत्रकं पुरुषांच्या सोयीने लागायची आणि मग ‘बायका येत नाहीत’ अशी तक्रार व्हायची.

पुळणीवरच्या आणखी दोन-तीन गोष्टी. अनवाणी चालायचं तर पहिला आठवडा दहाच मिनिटं. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. गेलो त्याच पट्ट्यातून परत यायचं, म्हणजे दुसऱ्या पायावर तेवढाच भार येतो. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्याने अनवाणी जाऊच नये. शिंपल्याचा काप त्याला कळत नाही, आणि कळतो तेव्हा जखम चिघळलेली असते. चढत्या पाण्यात खडकांना वळसा घालून पलीकडे जायचं नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक गार घाम, यातलं काहीही झालं तर जागेवर बसायचं आणि १०८ ला फोन करायचा. ‘पित्त असेल’ म्हणून चालत घरी जायचं नाही.

पाखाडीचे मात्र तुमचे खास आभार. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि नुसत्या सपाट चालण्याने ते भरून येत नाहीत. आपल्याकडे त्याची सोय घराघराच्या मागे आहे: जांभ्याच्या पायऱ्या, एक वीतभर, दुसरी गुडघ्याला लागेल एवढी. चढताना अख्खं पाऊल पायरीवर ठेवायचं. चवड्यावर चढलं की गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. गुडघा दुखरा असेल तर चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. लोक नेमकं उलटं करतात. उतरणं हेच गुडघ्याला जास्त लागतं, म्हणून उंच पायरीला आडवं व्हायचं, काठी आधी खालच्या पायरीवर टेकवायची आणि मग पाऊल. आणि तुमची ती खांदा बदलण्याची सवय! पिशवी दर दोन वळणांनी दुसऱ्या खांद्यावर. एकाच खांद्यावर वजन वाहणाऱ्याची मान आणि कंबर कालांतराने एका बाजूला बोलू लागते. ज्यांच्या घराजवळ पाखाडी नाही त्यांनी आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठबस करावी, आणि पाच-पाच लिटरचे भरलेले कॅन दोन्ही हातांत धरून अंगणाला दोन फेऱ्या माराव्यात. पूर्वी विहीर हे करून घ्यायची.

पावसाळ्यात पुळण बंद, पाखाडीवर शेवाळ. तेव्हा पडवी. तीस फुटी पडवीची एक लांबी एक धरली, तर अशा ११० लांब्यांत एक किलोमीटर होतो. मोजायला अकरा चिंचोके कट्ट्यावर ठेवायचे आणि दर दहा लांब्यांना एक उचलायचा. वळताना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, नाहीतर एकाच घोट्याला पीळ पडतो. कुणी चिंचोके हलवले तर भांडण होतं, तेवढं सोडलं तर पद्धत चोख आहे.

आणि आता पत्त्यांचं, ज्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. शाळेच्या बॅचचा ग्रुप करणं सोपं. हरवलेली माणसं शोधणं अवघड. मुलांचं आडनाव बदलत नाही, पण पत्ता बदलतो: लालबाग-परळची चाळ गेली आणि माणूस नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला गेला. मुलींचा तर पत्ताही बदलतो आणि आडनावही. शाळेच्या रजिस्टरमधल्या नावावर फेसबुकवर शोधत बसणाऱ्यांना म्हणून त्या सापडत नाहीत. तुम्ही दाखवलेल्या वाटा अशा. त्या घरच्या लग्नाची आहेराची वही मागायची. त्यात सासरकडची नावं आणि गावं असतात. गावाच्या मुंबईतल्या मंडळाची वर्गणीची यादी बघायची. गौरी-गणपतीत माहेरी येणाऱ्या बायकांकडे चौकशी करायची, कारण एकीला दुसरीचं सासर पाठ असतं. पत्ता अर्धा मिळाला तरी वाडीचं नाव आणि पिनकोड बरोबर हवा; पिनचे शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात, तिथपर्यंत कार्ड पोचलं की पुढचं तिथला पोस्टमन बघतो.

कार्डावर काय लिहायचं, हेही शिकवलंत. ‘ओळखलंस का’ असं कोडं घालायचं नाही. आपलं शाळेतलं नाव, वर्ष, बाक, फोन नंबर आणि उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. तुम्ही सुचवायचात तसा: ‘तुमच्याकडच्या फणसाचं झाड अजून आहे का?’ तीस वर्षांनी आलेल्या पत्राला ‘कसा आहेस’ या प्रश्नाचं उत्तर देणं माणसाला जड जातं. फणसाचं देता येतं. त्या कार्डात विमा, प्लॉट, देणगी, यातलं काही आलं तर तो मित्र कायमचा गेला असं समजावं.

ग्रुपबद्दल तुमचं मत तिखट आहे, आणि आम्हाला ते पटलंय. साठ जणांच्या ग्रुपात तिघे बोलतात, बाकीचे फुलं पाठवतात. कुणाच्या घरी कुणी गेलं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चाळीस वेळा येते आणि दारात एकही जण जात नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपलं कळवून झालं. त्यावर तोडगा बीटचा. पोस्टमनला जशी वाटून दिलेली हद्द असते तशी प्रत्येकाला चार-पाच माणसं वाटून द्यायची. त्यांना महिन्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन, आणि दुखणंखुपणं असेल तर त्याच बीटवाल्याने आधी जायचं. गेल्यावर सल्ला द्यायचा नाही. गॅस, औषधं, लाइटबिल एवढं विचारायचं. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर जेव्हा घर रिकामं होतं, तेव्हा दुसरी फेरी. ही दुसरी फेरी सगळे विसरतात.

चाकरमान्यांची भेट ठरवताना तारखा चुकतात त्याही नेहमीच्याच. गणपतीत प्रत्येकाच्या घरी आरत्या, शिमग्यात पालखी दारात येणार असते, एप्रिल-मे मध्ये बागवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची पहाट मात्र सगळ्यांची मोकळी. संध्याकाळची गाडी पकडायला चिपळूणला निघायचं असतं, त्यात पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता, म्हणून सहा ते साडेसात एवढीच वेळ धरायची. जे होडीवर जातात त्यांच्यासाठी १ जूननंतरचा मासेमारी बंदीचा काळ. तेव्हाच ते घरी सापडतात. दापोलीकडच्यांना भेटायचं तर चिपळूणचा वळसा नको, धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे. जेट्टीवर दोन तास बसायचं आणि आपापल्या काठाला परतायचं. आणि रात्रीची बैठक हीच एक भेट असं ज्यांना वाटतं त्यांना एकदा पहाटे सहाला बोलवावं. येतील ते टिकतात.

तात्या, तुम्ही आमच्यातल्या कुणाकडूनही यासाठी कधी काही घेतलं नाहीत, म्हणून पाकिटात काही घातलेलं नाही. तुमच्या आगळाची बाटली आमच्याकडे राहिली आहे. ती रिकामी देता येत नाही, म्हणून सोलांचं पुडकं बरोबर येईल. वद्य द्वितीयेला सकाळी, ओहोटी साडेसातला आहे. खळ्यातच बसू.

बाकी भेटीअंती.

आपले,
खालच्या पाटावरचे आणि वरच्या पाटावरचे
मु. पो. गुहागर, ४१५७०३