धारण तलावांतील गाळ आणि शहराचे आयुष्य

महोदय,

मागच्या उधाणाच्या दिवशी वाशीतील आमच्या सोसायटीमागच्या धारण तलावावर मी सकाळी जाऊन उभा राहिलो. खाडीच्या तोंडाशी असलेली झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटायला हवी. तिच्या चौकटीत एक ओंडका आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा अडकला होता, त्यामुळे खाडीचे गढूळ पाणी उलटे शहराकडे शिरत होते. यापूर्वी दोनदा लेखी तक्रार केली, पोच मिळाली, पुढे काहीच झाले नाही.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या सखल, खाजण जमिनीवर भराव घालून हे शहर उभे राहिले. भरती असताना पावसाचे पाणी तलावात थांबावे आणि ओहोटी लागताच ते खाडीत निघून जावे, या डच धर्तीच्या योजनेवरच आपली घरे कोरडी राहतात. आज हे तलाव गाळाने उथळ झाले आहेत आणि त्यांत खारफुटी दाट माजली आहे.

जुनी नगरे कशी ओस पडली, हे इथे आठवते. शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, सम्राट अशोकाचे शिलालेख कोरले जावेत इतके मोठे बंदर होते. त्याची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार अन्यत्र सरकला. कंबोडियातील अंकोर कालव्यांच्या आणि प्रचंड जलाशयांच्या बळावर शतकानुशतके नांदले, परंतु चौदाव्या-पंधराव्या शतकांत दीर्घ अवर्षणे आणि मधूनच अतिवृष्टी आली, तेव्हा कालवे गाळाने भरले, फुटले आणि ती व्यवस्था पुन्हा सावरली नाही. शत्रूच्या स्वाऱ्याही झाल्याच, पण आपल्या इतिहासकथनात त्यांनाच सारे श्रेय मिळते, याचे मला वाईट वाटते. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत तर पूर्वीच्या नेटक्या रस्त्यांवर निकृष्ट बांधकामे सरकलेली दिसतात.

खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. म्हणूनच न्यायालयाची रीतसर परवानगी घेऊन, किती गाळ कोठून काढणार हे आधी जाहीर करून काम व्हावे. तोवर निदान प्रत्येक झडपेची पाहणी दर उधाणापूर्वी व्हावी, आणि प्रत्येक तलावाची मोजलेली खोली दरवर्षी एप्रिलमध्ये तलावाकाठच्या फलकावर लिहिली जावी, अशी माझी मागणी आहे.

– एक रहिवासी, वाशी, नवी मुंबई