बातमी पाठवणाऱ्याला दोन ओळी तरी कळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'तुमच्या गावची बातमी फोटो आणि लोकेशनसकट पाठवा' असं तुम्ही छापता, लोकं पाठवतातही. पण कशापायी पाठवतात हे कोणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

पैसे तर कोणी देत नाही. आमच्या भडगाव-पाचोऱ्याकडे वादळात केळीची बाग आडवी झाली की शेतकरी आधी 'जीपीएस मॅप कॅमेरा' अॅपमध्ये फोटो काढतो, खालच्या पट्टीत गाव, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं उमटतं. सवय सरकारनेच लावली, पीकविम्याला नुकसान ७२ तासांत कळवायचं, अन २०२१ पासून ई-पीक पाहणीलाही, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद करायलाही, शेतात उभं राहूनच फोटो. तोच फोटो गावच्या ग्रुपवर आणि तिथून तुमच्याकडे. बातमी आली तर तलाठी आप्पा पंचनाम्याला लवकर येतील एवढाच हिशोब, समाजसेवा वगैरे नंतर.

काही जण मात्र नुसते नावासाठी पाठवतात, आणि त्यात वाईट काय? स्वतःचं नाही तर गावाचं नाव. सुरतला उधना-लिंबायतमध्ये आपली खान्देशी माणसं ढिगाने आहेत, तिकडून फोन येतो, "पेपरमा आपला गावनं नाव उनं का रे भो?" आणि तुम्ही छापता 'तालुक्यात नुकसान'. अहो, लोकेशन कशाला मागितलं मग?

आता वाळूचं. गिरणा नदीतून रात्री चोरून वाळूचे ट्रॅक्टर-डंपर निघतात हे सगळ्यांनाच माहीत. एखादा पोरगा चिडून गच्चीवरून फोटो काढतो आणि तुम्ही तो पट्टीसकट छापता, म्हणजे पाठवणाऱ्याच्या घराचा पत्ताच की! व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर आतली लपलेली माहिती निघून जाते, पण ही पट्टी फोटोवरच छापलेली, ती कशी जाणार. खरं-खोटं तपासायला लोकेशन तुमच्याकडे ठेवा, छापताना तेवढं कापा. असं एकदा झालं की तो पोरगाच काय, अख्खी गल्ली परत काही पाठवत नाही.

आणि बातमी मिळाली, छापतोय किंवा नाही छापत, एवढं तरी कळवत जा. निळ्या टिका येतात अन पुढे सामसूम, मग माणूस म्हणतो जाऊदे, फेसबुकवरच टाकतो.

आपला,
एक वाचक, ता. भडगाव, जि. जळगाव