विषय: स्कझी किटमध्ये भलतंच कार्ड पाठवल्याबद्दल आणि वर वॉरंटी नाकारल्याबद्दल

मॅनेजर, सेल्स आणि मॅनेजर, सर्व्हिस (दोघांनाही एकच पत्र पाठवतोय, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहायला नको),

आत्ताच तुमच्या सपोर्टवाल्याने माझा फोन कट केला, त्यामुळे आता लेखी.

तुमच्या साइटवर त्या स्कझी किटखाली (स्कझी म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर, डिस्क जोडायचा जुना इंटरफेस) अजूनही लिहिलेलं आहे की जुने सगळे स्कझी स्कॅनर, टेप ड्राइव्ह, हार्ड डिस्क यावर चालतील, कार्ड, केबल, कन्व्हर्टर, टर्मिनेटर सगळं एकत्र, लावा आणि सुरू करा. माझं प्रेस आहे सांगलीला. वळवाच्या पावसात वीज पडली त्यात माझं जुनं कार्ड गेलं. स्कॅनर ठणठणीत आहे. कॅलेंडर आणि दिवाळी अंकांच्या कव्हरच्या जुन्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे फिल्मवरचे पारदर्शक फोटो, मी त्याच्यावरच करतो, कारण आत्ताच्या स्वस्त स्कॅनरवर काळ्या भागातलं सगळं डांबर दिसतं. त्याच बसवर, म्हणजे त्याच केबलच्या साखळीवर, एक एक्स्टर्नल डिस्क आहे, तिच्यात पेजमेकरच्या (पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या फायली पडल्यात. म्हणून साडेसहा हजार मोजून तुमचं किट घेतलं.

किट लावलं तर कार्डला काहीच दिसेना. बूट होताना ० पासून आयडी, म्हणजे साखळीतल्या प्रत्येक डिव्हाइसचा नंबर, मोजत जातं आणि एकही डिव्हाइस सापडलं नाही म्हणून सांगतं. आता तुम्ही हेच विकता म्हणजे तुम्हाला हे माहीत असणारच, तरी लिहितो. कार्ड ७ वर, स्कॅनर मागच्या चकतीवर ५, डिस्क ३, म्हणजे आयडी कुठेच भांडत नाहीत. साखळीच्या दोन टोकांनाच टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून उलटा फिरू नये म्हणून टर्मिनेटर लावतात ते), एकीकडे कार्ड, दुसरीकडे शेवटी असलेला स्कॅनर, मधल्या डिस्कचं काढलेलं. केबलची सगळी मिळून लांबी दोन मीटरपण नाही, सिंगल एंडेडला, म्हणजे प्रत्येक सिग्नलला एकच तार असलेल्या साध्या स्कझीला, साध्या स्पीडला सहा मीटर चालते. माझ्या बाजूने काही बाकी नव्हतं. हे सगळं मी पहिल्या फोनला सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं. त्यानंतर दर वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून कीर्तन. एकाने विंडोज अपडेट करायला सांगितलं, मशीन एक्सपीचं आहे हे ऐकून तो हसला. हसा, पण तुम्ही त्याच मशीनसाठी सामान विकताय.

आता तो फोन, ज्याच्यासाठी हे पत्र. तुमचे 'सीनियर टेक्निकल' म्हणून एक जण लाइनवर आले. मी परत सगळं सांगितलं. ते म्हणाले, सर स्कॅनरच्या मागे अजून कुठलं पोर्ट आहे का? म्हटलं आहे, पन्नास पिनचं आहे आणि शेजारी पंचवीस पिनचं. म्हणाले, पंचवीस पिनचं म्हणजे प्रिंटर पोर्ट ना सर, मग कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टला लावा की डायरेक्ट, कार्ड लागणारच नाही. मी म्हटलं अहो ते स्कझीचंच आहे, ॲपलने १९८६ च्या मॅक प्लसपासून तेच पंचवीस पिनचं भोक स्कझीला वापरलं, बाहेरून प्रिंटर पोर्टसारखं दिसतं पण आतले सिग्नल वेगळे, त्याच्या एका पिनवर टर्मिनेटरसाठी पाच व्होल्ट असतात, लावलं तर एक तरी पोर्ट जाईल. झिप ड्राइव्हच्या (त्या जुन्या काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या) वेळी हाच घोळ व्हायचा, पॅरललची म्हणजे प्रिंटर पोर्टची आणि स्कझीची झिप दोन्हीला तसलंच सॉकेट. त्यावर तुमचे सीनियर काय म्हणाले, शब्द न बदलता लिहितो: "सर, पिन बसतायत ना? बसल्या म्हणजे तेच." मी गप्पच झालो. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून आवाज मोठा करून परत, "काका, बसतंय का ते बघा फक्त." दोन वाक्यांत सरचा काका झालो. मी म्हटलं, बसतं म्हणून लावायचं नसतं हो, माझा स्कॅनर जळाला तर तुम्ही देणार आहात का? तर पलीकडे हात माउथपीसवर ठेवून कुणाशी तरी काहीतरी बोलले, हसल्याचा आवाज मला स्पष्ट आला, आणि मग एकदम गोड आवाजात, "काका, घरात कुणी यंगस्टर आहे का? त्यांना द्या ना जरा फोन."

मी या इंटरफेसवर १९९४ पासून काम करतोय. यंगस्टर घरात आहे, माझी मुलगी, आयटीत आहे, तिला फोन दिला असता तर तुमच्या सीनियरचं काय झालं असतं ते त्यांनाच कळलं असतं. काका म्हणा, आजोबा म्हणा, पण आधी उत्तर द्या.

फोन ठेवला आणि कार्ड बाहेर काढलं. कनेक्टरच्या अगदी जवळ तुमचं चंदेरी होलोग्राम स्टिकर आहे, 'काढल्यास वॉरंटी रद्द' वालं. आख्ख्या कार्डवर रिकामी जागा भरपूर, पण स्टिकर नेमकं तिथेच. उचकटलं. खाली शंकरपाळ्यासारखं ते स्कझीचं चिन्ह आणि त्यात डीआयएफएफ.

म्हणजे डिफरन्शियल. हाय व्होल्टेज डिफरन्शियल. ज्याच्यात प्रत्येक सिग्नलला दोन तारा आणि त्यांच्यातला फरक वाचतात, पंचवीस मीटरपर्यंत केबल जाते, मोठ्या सर्व्हरला आणि टेप लायब्ररीला जोडायचं ते. माझा स्कॅनर, माझी डिस्क, आणि तुमच्या साइटवरच्या यादीतलं जवळजवळ सगळं सिंगल एंडेड. ही दोन्ही एका बसवर चालत नाहीत, हे यातलं पहिलं पान आहे. नशीब की या कार्डांत डिफसेन्स म्हणून एक पिन असते, समोर सिंगल एंडेड आलं की ती ग्राउंड होते आणि कार्ड स्वतःचे ड्रायव्हर बंद करतं. म्हणून काही दिसत नव्हतं. म्हणजे तुमच्या कार्डला कळलं समोर काय आहे, तुमच्या आख्ख्या सपोर्टला कळलं नाही. साधं एलव्हीडी, म्हणजे लो व्होल्टेज डिफरन्शियल, कार्ड पाठवलं असतं तरी चाललं असतं, एक सिंगल एंडेड डिव्हाइस लागलं की आख्खी बस त्याच्यावर उतरते, स्पीड कमी होतो, स्कॅनरला त्याने काय फरक पडतो. आणि गंमत म्हणजे किटमधला टर्मिनेटर सिंगल एंडेडचाच आहे! एकाच डब्यात कार्ड एका जातीचं, टर्मिनेटर दुसऱ्या. पॅकिंग करताना कुणी एकदा तरी बघतं का?

हे सगळं मी आज फोनवर सांगितलं. उत्तर काय, तर "स्टिकर काढलंत ना सर, मग वॉरंटी व्हॉइड." पुढे मी काही बोलायच्या आत फोन कट. अहो, स्टिकरखालीच तुमची चूक आहे. ती बघायला स्टिकर काढावं लागतं आणि काढलं की वॉरंटी नाही, ही कुठली पद्धत? आणि परत एकदा, पिन बसतायत ना म्हणणारा माणूस तुमचा सीनियर आहे.

पूर्वी तुमच्याकडे एक गृहस्थ होते, फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, "टर्मिनेटर कुठे लावलाय ते सांगा." निम्मे घोळ तिथेच संपायचे. त्यांच्या भरवशावर मी इथल्या तीन-चार प्रेसवाल्यांना तुमचं नाव सांगितलं होतं. आता त्यांना काय सांगायचं ते मी बघतो.

मला क्रेडिट नोट नको, कूपन नको, 'तुमचा फीडबॅक महत्त्वाचा आहे' असलं ईमेल तर नकोच. एक तर पन्नास पिनला चालणारं सिंगल एंडेड किंवा एलव्हीडी कार्ड पाठवा, टेस्ट करून, किंवा पूर्ण पैसे परत. परतीचं कुरिअर तुमच्या खर्चाने. पंधरा दिवसांत झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगात जाणार, तक्रार मी राहतो तिथेच करता येते आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी पण लागत नाही, तेव्हा एवढ्याशासाठी कोण कोर्टात जाणार असं समजू नका. आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंदवणार आहेच. उचकटलेलं स्टिकर एका कागदावर चिकटवून ठेवलंय, कार्डचे आणि त्या चिन्हाचे फोटो सोबत जोडलेत, बिल पण आहे. उत्तर लेखी द्या, फोन करू नका. आणि साइटवरचं ते 'सगळे' तेवढं आजच्या आज काढा.

प्रेसचा मालक, सांगली