रेग्युलर पण असतं हे कोणी सांगतच नाही

मा. संपादक साहेब,

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, राहणार नाशिक. 31 वर्षं तिकिटं फाडली, आधी ट्रे होता मग मशीन आलं, पण माणसाने सिन्नर मागितलं तर सिन्नरचंच दिलं. "संगमनेर करू का काका, थोडेच जास्त पडतील" असं कधी कोणाला विचारलं नाही, विचारलं असतं तर गाडीतच धुतला असता लोकांनी. हे सांगायचं कारण म्हणजे मागच्या रविवारी दोन नातवांना घेऊन मॉलमधल्या एका बर्गरच्या दुकानात गेलो होतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकट्याचं नाहीये, कुठेही जा हीच तऱ्हा.

बाहेर हा एवढा मोठा बोर्ड, बर्गर मील 129. म्हणलं दोन घेऊ, 258 होतील, दहाबारा रुपये इकडे तिकडे. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, हसून नमस्कार बिमस्कार केला, आणि लगेच विचारलं "सर मिडियम की लार्ज?" आता मला काय माहीत, दोनच असतील असं समजून मी आपलं मिडियम म्हणलं. म्हणजे आपण कमीच घेतलं असं वाटलं. नंतर घरी बिल बघताना कळलं की 129 हा भाव रेग्युलरचा होता आणि रेग्युलर नावाची गोष्ट तिथे आहे हे त्याने सांगितलंच नाही. मिडियमचे 30 जास्त, प्रत्येकी. मग त्याने मला सोडलं आणि थेट नातवांकडे बघून "चीज टाकू?" विचारलं. 8 वर्षाचं पोर नाही म्हणेल का? चीजचे 25, ते पण दोन वेळा. मग मोबाईल नंबर मागितला (बर्गर खायला नंबर कशाला लागतो? दुकानदारांनी नंबरसाठी अडून बसू नये असं केंद्राच्या ग्राहक खात्याने 2023 च्या मे महिन्यातच कळवलंय, पण मागे लाइन लागलेली असते, माणूस देऊन टाकतो).

बिल आलं 388 रुपये. 368 चं खाणं, त्यावर 5 टक्के जीएसटी 18.40, आणि शेवटी 2 रुपये डोनेशन, जे मला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे 258 धरून गेलो आणि 130 जास्त गेले, तिसरं मील आलं असतं की तेवढ्यात! मॅनेजरला विचारलं तर म्हणे "सर बोर्डावर लिहिलंय टॅक्स वेगळा". परत जाऊन बघितलं, खरंच लिहिलंय, 129 च्या डोक्यावर एक चांदणी आणि पार खाली मुंगीएवढ्या अक्षरात. माझा चष्मा नवीन आहे म्हणून दिसलं.

माझ्या भाच्याने कॉलेजात असताना असल्याच एका ठिकाणी सहा महिने काम केलं होतं, त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणला मामा, रेग्युलर हा शब्द आम्ही तोंडातून काढायचाच नाही असं शिकवलेलं, आणि कोणी किती मिडियम लार्ज केले त्याचा आकडा रोज आत बोर्डावर लिहायचे, कमी पडला की बोलणी बसायची. म्हणून मी त्या काउंटरच्या पोरावर अजिबात चिडलो नाही, आमच्याकडे पण उत्पन्न कमी आलं की डेपोत विचारायचे, ते दडपण मला माहितीये. पण आम्ही गाडी भरून उत्पन्न काढायचो, बसलेल्याला पुढच्या गावाचं तिकीट चिकटवून नाही.

आता चीजचंच बघा. 2024 च्या फेब्रुवारीत तुमच्याच पेपरला वाचलं होतं की नगरला (आता अहिल्यानगर) एका परदेशी बर्गर साखळीच्या दुकानात आपल्या राज्याच्या एफडीएला (अन्न आणि औषध प्रशासन) चीजच्या जागी वनस्पती तेलाचं चीजसारखं काहीतरी सापडलं, लायसन सस्पेंड झालं, मग मेनूतल्या काही नावांमधला चीज हा शब्दच गायब झाला. कंपनीचं म्हणणं आम्ही खरंच चीज वापरतो. असेल. पण 25 रुपये एक्स्ट्रा देणाऱ्याला हे काउंटरवर कसं कळणार?

आणि डोनेशनचं म्हणाल तर 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नचे, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून नको ते घ्यायला लावायच्या युक्त्यांविरुद्धचे नियम काढलेत, त्याचे 13 प्रकार दिलेत, त्यात गिऱ्हाइकाला न विचारता बिलात काही टाकणं, अगदी दानधर्माचे पैसे सुद्धा, हे पण आहे. आता ते नियम ॲप नि वेबसाइटसाठी आहेत म्हणे. मग तेच काम काउंटरवरच्या पोराने त्याच्या कॉम्प्युटरवर बटण दाबून केलं तर चालतं का? कोणीतरी जाणकाराने सांगावं.

मला सगळ्यात राग कशाचा आला माहितीये का, त्याच बोर्डावर प्रत्येक बर्गरच्या खाली किती कॅलरी ते छापलेलं होतं. कारण 10 किंवा जास्त शाखा असलेल्यांना ते 2022 पासून बंधनकारक आहे. म्हणजे कायदा आला की हे बरोब्बर छापतात, जागा पण होते, छपाई पण होते. मग टॅक्स धरून एकच आकडा छापायला काय अडचण आहे, 129 च्या जागी 135 लिहा आणि खाली रेग्युलर असं लिहा, आम्ही काय 6 रुपयासाठी परत फिरणार नाही. बाजूच्या पानाच्या टपरीवर पण 20 ची वस्तू 20 लाच मिळते.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आहे, 2 रुपये डोनेशन आणि 60 रुपये मिडियमचे अशी. घरचे हसतात, 62 रुपयासाठी एवढं काय म्हणून. बिल जपून ठेवलंय, पण ती गुळगुळीत कागदावरची शाई आत्ताच उडायला लागलीय, म्हणून नातवाकडून मोबाईलवर फोटो काढून घेतला. पाहिजे असेल तर पाठवतो.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, नाशिक