तांब्याचे कॉम्प्लेक्स की नुसते तांबे?

महोदय,

धातूंची, विशेषतः तांब्याची, समन्वय संयुगे, म्हणजेच धातूच्या अणूला इतर रेणू जोडून बनलेली कॉम्प्लेक्स, युरिया फोडणारे युरिएज हे विकर (एन्झाइम) रोखतात आणि त्यामुळे युरियाची नासाडी थांबेल, असे दावे हल्ली वरचेवर छापून येतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. मातीच्या वरच्या थरात युरिएजने त्याचा झपाट्याने अमोनिया केला, की त्यातला काही हवेत उडतो. तेव्हा रोधक हवा, यात वाद नाही.

मात्र परीक्षानळीत युरिएज थांबले ते कॉम्प्लेक्समुळे की सुट्या तांब्यामुळे, हे आधी ठरवायला हवे. या विकराच्या गाभ्यात निकेलचे दोन अणू असतात (हे निकेल 1975 मध्ये सापडले) आणि त्याच्या तोंडाशी सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक असतो. तांबे सहसा हा गंधकच धरते, आणि साधे कॉपर क्लोराइडही तेच करते. म्हणून कॉम्प्लेक्ससोबत तेवढ्याच तांब्याचे कॉपर क्लोराइड, नुसते लिगंड (धातूला जोडलेला रेणू) आणि नुसते द्रावक असे तिन्ही तपासावेत. डीएमएसओ हे द्रावक 1 टक्क्याच्या आत असावे. फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तांब्याचा साका बसतो, ट्रिस हा दुसरा बफर तांबे स्वतःच धरून ठेवतो, आणि विकराच्या द्रावणात डीटीटी किंवा ईडीटीए ही तांबे धरणारी रसायने उरली असतील तर चांगला रोधकही निकामी दिसतो. शिवाय निळी-हिरवी कॉम्प्लेक्स, अमोनिया मोजताना बनणाऱ्या इंडोफेनॉल या निळ्या रंगाप्रमाणेच, 625 ते 640 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषू शकतात. विकराशिवायची कोरी नळी वजा केली नाही, तर रोध आहे त्यापेक्षा कमी भासतो.

रोपांवरचा परिणाम तर बहुतेक वेळा उगवणीच्या टक्केवारीवरच आटोपतात. तांब्याचा पहिला फटका मुळांना बसतो. बी साठवलेल्या अन्नावर उगवतेच. पेट्री डिशमध्ये 5 मिलि द्रावण घालून पाचव्या दिवशी मुळांची लांबी मोजावी. गाळणकागदही थोडे तांबे धरतो, त्यामुळे बियांना मिळणारी मात्रा लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमीच असते.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. पानांतही युरिएज असते. निकेल न मिळालेल्या सोयाबीनच्या पानांत युरिया साचून टोके करपतात, हे 1983 मध्येच दाखवले गेले. रोधक मुळांतून पानात चढला तर तेच होऊ शकते, म्हणून असे निष्कर्ष छापताना पानातल्या युरियाचा आकडाही मागावा.

– एक वाचक