ओठांवर बसलेला विनोद

महोदय,

गाण्याच्या चित्रफितीवर भलतेच शब्द चढवून केलेल्या विनोदी डबिंगला पोरकट म्हणून नाके मुरडली जातात, ते मला पटत नाही. प, ब, म उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. त्यामुळे गायकाचे ओठ जिथे मिटतात नेमके तिथे तसेच अक्षर येईल आणि ओळीला (वेडावाकडा का होईना) अर्थही राहील, असे शब्द शोधताना चार सेकंदांच्या तुकड्यावर अख्खी संध्याकाळ जाते, हे मी स्वतः करून पाहिले आहे. दिसणारे ओठ ऐकू येणारे अक्षर बदलू शकतात, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होतेच. विरहाने व्याकूळ झालेला नायक ‘पंप बंद पडला’ असे आळवतो, तेव्हा हसू फुटते ते त्याच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य तसूभरही ढळत नाही म्हणून.

– एक वाचक